खादाड स्पीकरांना स्थळ

सासऱ्यांचं अक्षर करपवलं ते नागुमोंनीच. मित्राकडून उसना आणलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी बैठकीच्या मानाच्या कोनाड्यात, थेट लटकत्या सुलेखनाखाली मांडला आणि दुपारभर रेकॉर्डमागून रेकॉर्ड लावत बसले. व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे तापले. संध्याकाळी तोमिए चहा घेऊन आली, तेव्हा तिच्या वडिलांनी लिहिलेल्या ‘शांतता’ या अक्षराचं खालचं टोक चांगलं खरपूस झालं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली. आता पुन्हा अग्नी कशाला दिलात?”

नागुमो मात्सुमोतो शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी आयुष्यभराची हौस म्हणून कपाटाएवढे दोन स्पीकर घेतले. घेताना अ‍ॅम्प्लिफायरचा विचार केला नाही. म्हणजे मुलगी थाटात मांडवात आणून बसवली आणि मग स्थळं बघायला निघाले.

तोमिएने त्याच चहाबरोबर निकाल दिला. “ओबोनच्या सणाला ताई राहायला येणार. तोवर या कपाटांतून मला सुखानं गाणं ऐकू आलं तर ती राहतील. नाहीतर ताईचं अंथरूण तिथे पडेल.”

आता, नागुमो रेकॉर्ड लावून तिची माहिती सांगू लागले की तोमिए निम्म्यातूनच उठून स्वयंपाकघरात जायची. त्याचा अर्थ त्यांनी मासिकं वाचून काढला होता: वरचे स्वर टोचत असणार. उपायही मासिकातलाच. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, आणि दोघांवर देखरेखीला तिसरा. हे तिन्ही विकत घ्यायला ते शिराइशींच्या दुकानात गेले.

सोबा शेवयांच्या खानावळीमागच्या गल्लीत शिराइशी तामोत्सुंचं दुकान आहे. हा माणूस दुकानदार कसा झाला, हे गावाला न सुटलेलं कोडं आहे, कारण गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एका दंतवैद्याने सगळ्यात महाग अ‍ॅम्प्लिफायर मागितला, तर शिराइशींनी त्याला आधी जाड पडदे शिवून घ्यायला सांगितलं. पडदे लागले, खोलीतला घुमारा गेला, आणि दंतवैद्य जुन्याच अ‍ॅम्प्लिफायरवर खूश होऊन बसला. ते कळल्यावर शिराइशींनी दुकान बंद करून स्वतःला एक वाटी जादा सोबा खिलवला म्हणतात. तरुणपणी हामामात्सुच्या पियानोच्या कारखान्यात होते, वडील आजारी पडले तेव्हा रेडिओदुरुस्तीचं हे दुकान सांभाळायला परत आले, आणि तेव्हापासून घर पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाला काही विकलेलं नाही.

“तीन अ‍ॅम्प्लिफायर हवेत,” नागुमो म्हणाले.

“घरात माणसं किती?”

“दोन.”

“मग रविवारी येतो.”

रविवारी शिराइशी आले. गाडीच्या पुढच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, पट्टा लावून दोन अ‍ॅम्प्लिफायर बसवलेले. पाहुण्यांच्या सपाता घालून आत आले, चहा घेतला, तोमिएने घातलेल्या नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याची तारीफ केली. स्पीकरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नागुमोंचा जीव कासावीस.

शेवटी उठले. “माझी एकच अट. रेकॉर्ड वाजत असताना बोलायचं नाही. कोणीच.” हे म्हणताना ते फक्त नागुमोंकडे बघत होते.

मग त्यांनी नागुमोंना दुसऱ्या टोकाला धरायला लावून स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. तातामीच्या मऊ चटईत रुतून एक बिचारा सलाम ठोकल्यासारखा झुकला होता, त्याच्याखाली फळी सारून तो ताठ केला. कोनाड्याकडे बघून नुसतं “हं” म्हणाले, आणि पहिला अ‍ॅम्प्लिफायर तिथून लांब, सागवानी बाकावर ठेवला. हा छोटा, व्हॉल्व्हचा. गाणारी बाई अशी गोड गायली की नागुमोंचं तोंड उघडलं. शिराइशींनी बोट वर केलं. तोंड मिटलं. पुढे ढोल आणि बाकीची वाद्यं आली आणि सगळ्यांचीच दमछाक झाली.

मग दुसरा. जुना, ट्रान्झिस्टरचा, एकाच पेटीत सगळा संसार असलेला, पाटा-वरवंट्यासारखा जड. तीच रेकॉर्ड. शिराइशी मधेच उठून स्वयंपाकघरात गेले, काकडी चिरणाऱ्या तोमिएशेजारी उभे राहिले. थोड्या वेळाने सुरीचा आवाज थांबला. तोमिए हात पुसत बाहेर आली आणि चटईवर बसली. ती रेकॉर्ड संपेपर्यंत उठली नाही. उलटून दुसरी बाजू तिनेच लावली.

“वहिनी, काय वाटलं?” शिराइशींनी विचारलं.

“पहिल्यात बाई गोड होती, पण बाकीचे आले की सगळे एकाच दारातून घुसत होते. आता प्रत्येकाला बसायला जागा आहे.” आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “ताईचं अंथरूण माझ्या खोलीत घालू.”

नागुमोंच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. शिराइशी गोधडीची घडी घालत होते. “तुमचे स्पीकर खादाड आहेत. छोट्याच्या आठ वॉटमध्ये त्यांचं पोट भरत नाही. हा दमदार आहे, हा पोसेल. तीन घ्यायची गरज नाही, विकणारही नाही.”

पण पाणीपुरवठा खात्यातला माणूस. गळती नेमकी कुठे होती हे कळल्याशिवाय त्याला झोप कशी लागणार? शिराइशींना सोडायला नागुमो गाडीपर्यंत गेले आणि खिडकीत वाकून त्यांनी विचारलं, “शिराइशी-सान, खरं सांगा. आज ती पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली. फरक कशाने पडला? अ‍ॅम्प्लिफायरने, फळीने, की स्पीकर पुढे ओढल्याने?”

शिराइशींनी गाडी सुरू केली.

“तुम्ही गप्प बसलात.”