खातरजमा काकू आणि चौदा दिवस

आमच्या कार्यालयातल्या एका बाईंचा कशावरही विश्वास नाही, आणि त्याचाच त्यांना पगार मिळतो. सगळे त्यांना खातरजमा काकू म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, पण काकूंनी ते कोण कोण म्हणतं याची खात्री करून घेतली, तेव्हापासून तोंडावरच म्हणतात.

आमचं काम औषधांची माहिती देण्याचं. दवाखान्यांतल्या परिचारिका नि औषधविक्रेते विचारतात, हे औषध त्या गोळीबरोबर चालेल का, ही बाटली उघडल्यावर किती दिवस टिकेल. पूर्वी आम्ही पाच जण पुस्तकं धुंडाळून उत्तरं लिहायचो. मग एआय आला. कानामागून आला आणि तिखट झाला. अर्ध्या मिनिटात उत्तर, खाली संदर्भांची ऐटदार यादी. आम्ही त्याचं नाव 'शहाणा' ठेवलं. त्याच्या येण्याने तिघांची दुसऱ्या विभागात बदली झाली. उरलो मी आणि काकू. शहाण्याकडून उत्तरं मी घ्यायची आणि संदर्भ काकूंनी तपासायचे.

त्यांची एक रीत होती. संदर्भाचं पान छापून समोर घ्यायचं. डाव्या हाताचं बोट शहाण्याच्या वाक्यावर, उजव्या हाताचं पानावरच्या ओळीवर. दोन्ही बोटांखाली एकच गोष्ट असेल तरच बरोबरची खूण. शहाण्याची लबाडी त्या ओळखून होत्या. पुस्तक खरं, पान खरं, पण त्या पानावर त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही, असं आठवड्यातून दोनदा तरी निघायचं. घरीही हाच खाक्या. "गॅस बंद केलाय," असं नवऱ्याने सांगितलं की काकू उठून बघून यायच्या. तीस वर्षं तो माणूस रोज सांगतो आणि त्या रोज उठतात. याला संसार म्हणतात.

यंदा नवे संचालक आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "शहाणा स्वतःच संदर्भ देतो ना? मग ते तपासायला वेगळा माणूस कशाला?" काकूंचा करार दरवर्षी नव्याने व्हायचा आणि या महिन्याअखेर तो संपत होता. संचालक न्यायी माणूस, म्हणजे स्वतःला न्यायी समजणारा. त्यांनी पन्नास उत्तरं काढून दिली. त्यांत एकही चूक सापडली नाही, तर करार वाढणार नाही. काकूंचे यजमान निवृत्त, मुलगी शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला. घर काकूंच्या पगारावर चाललं होतं, हे मला माहीत होतं आणि संचालकांना नव्हतं.

देखरेखीला मला शेजारी बसवलं. चार दिवसांत एकोणपन्नास उत्तरांवर बरोबरची खूण झाली. शहाणा नेमका याच वेळी शहाण्यासारखा वागत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"काकू, एखाद्या ठिकाणी काढा ना खोट," मी हळूच म्हणालो. "शब्दांची, मांडणीची, कशाचीही."

"खऱ्याला खोटं म्हणण्याचा पगार कोण देतं?" त्या म्हणाल्या.

पन्नासावं उत्तर लहान मुलांच्या एका पातळ औषधाचं होतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये चौदा दिवस चालते. संदर्भ, आमच्याच कार्यालयाची पुस्तिका, पान अकरा. मी म्हटलं, झालं, संपलं. पुस्तिकेवर कार्यालयाचा शिक्का होता, आणि लिहिली होती मी. काकूंनी दोन्ही बोटं ठेवली. शब्द न् शब्द जुळला. पण खूण काही होईना.

"या पानाला आधार काय?"

"अहो, आपलीच पुस्तिका आहे."

"आपली आहे म्हणूनच विचारतेय. तुम्ही हे कुठून घेतलंत?"

माझे कान तापले. अकरावं पान मी घाईत लिहिलं होतं. घाईत म्हणजे, शहाण्याला विचारून. त्याने सांगितलं, मी छापलं, आणि आता तो माझाच हवाला देत होता. दोघंही एकमेकांच्या खांद्यावर बसलो होतो आणि खाली जमिनीवर कोणीच नव्हतं. मी सगळं कबूल केलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी कंपनीकडून औषधाचं मूळ माहितीपत्रक मागवलं. त्यात सात दिवस होते. मग माझ्यापुढे फोन सरकवला. पुस्तिका जिथे जिथे गेली होती, त्या प्रत्येक दवाखान्याला मी फोन करून माझी चूक सांगितली. दोन दिवस लागले. कोणाच्या मुलाला काही झालं नव्हतं, हे माझं नशीब. हुशारी नव्हे.

संचालक घाबरले. शिक्का कार्यालयाचा होता ना! "काकूंसाठी जोरदार शिफारसपत्र लिहा," त्यांनी मला फर्मावलं. "चूक सापडली खरी, पण वरच्यांना पटलं तरच करार होईल." मी अपराधीपणाने हात सैल सोडला. शेवटी लिहिलं, 'बावीस वर्षांत यांच्या नजरेतून एकही चूक सुटलेली नाही.' पत्र काकूंना वाचायला दिलं. त्यांनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं.

"हे कशावरून?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"काकू, वरचे नेमकं हेच वाक्य वाचणार आहेत! एवढं एक राहू द्या. घराचा विचार करा."

"घराचाच करतेय. उद्या लेक म्हणेल, आई, तू तरी कुठे तपासतेस." त्यांनी ते वाक्य खोडलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात तीन ओळी तारखांसकट लिहिल्या. मी न वाचताच कागद संचालकांकडे नेला.

त्यांनी मोठ्याने वाचला. "सुटलेल्या चुका तीन. पहिली, जुनी आवृत्ती नवी समजले. दुसरी, शून्य वाचायचं राहिलं. तिसरी, पुस्तिकेचं अकरावं पान. गेल्या वर्षी माझ्याकडे तपासायला आलं होतं. लिहिणारा विश्वासातला, म्हणून न बघता खूण केली."

संचालकांनी चष्मा काढला. करारावर स्वतः सही केली, वरच्यांना विचारायचं ते विचारू म्हणाले, आणि मग मला विचारलं, "हा विश्वासातला कोण हो?"

वर्गात मास्तरांनी विचारल्यावर करतात तसा मी हात वर केला.