डोळ्यांची नक्कल

अमळनेरच्या बाजारात भिंत धरून, पाय फाकवून चालणारा एक माणूस मी रोज बघायचो. सगळे त्याला बेवडा म्हणायचे. मी त्याच्या चालीची अशी नक्कल करायचो की टपरीवरच्या लोकांना हसून ठसका लागायचा.

एकदा चक्कर येण्यावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आमच्या शाळेत गावातल्या लोकांना तपासायला आल्या. टवाळकी म्हणून मी त्याचीच चाल काढत रांगेत घुसलो. मागे बघतो तर तोच! सोबत बायको. ती त्याला दटावत होती, "आज दारूच निंघनी ना, तर मी चालनी माहेरले."

बाईंनी मला खाटेवर बसवून मान वळवली आणि झपकन आडवं केलं, डोकं खाटेबाहेर लोंबतं. मी डोळे फिरवले, जीभसुद्धा काढली.

"ऊठ," बाई म्हणाल्या, "तुला काही झालेलं नाही."

मग तो आडवा झाला. क्षणभर काहीच नाही. आणि एकदम त्याची बुबुळं आपोआप थरथरत फिरायला लागली! बाईंनी त्याच्या बायकोलाच ओढून जवळ नेलं. "बघा अक्का, बघा! दारू नाही, कानाच्या आतला तोल बिघडलाय. हे सोंग कुणाला जमत नाही!"

बायकोने वाकून बघितलं, मग त्याची पडलेली टोपी झटकून हातात धरून ठेवली.

तो खाटेला घट्ट धरून उठला आणि मला म्हणाला, "पोऱ्या, मन्ही बठ्ठी नक्कल करस ना? आते हाई करी दाखाड!"

आरशासमोर तसे डोळे खूप करून बघितले. नाहीच जमलं. टपरीवर कुणी म्हणालं, "तो बेवडा काढ रे," तर मी विचारायचो, "कोणता बेवडा?"