दीपमालाची पेशी

समईच्या वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तोच कुसाबाई फुलांची पाटी दारात टाकून थेट आत आली. ही मखमलाबादहून रोज झेंडू घेऊन येते. भाव पाडून मागितला तर "देव रुसंल हां, वहिनी" असा दम देते, वर स्वतःच खदखदून हसते. आज मात्र रडत होती.

"वहिनी, घात झाला! माझ्या दीपमालाची उद्या पेशी हाय!"

"नववीतल्या मुलीची कोर्टात पेशी? केलं काय तिनं?"

"तेच तर सांगंना! म्हणती, पेशीवर तोंड उघडलं नाय तर संपलंच."

मी गणपतीला साकडं घातलं आणि ओळखीच्या वकिलाचं नावही सांगून टाकलं. तेवढ्यात दीपमाला आईला शोधत आली, हातात कागदाची गुंडाळी.

"अगं आई, वकील कशाला? विज्ञान प्रदर्शनातली पेशी! शरीरातली!"

शाळेतल्या फेरीत सरांनी सांभाळून घेतलं, नाहीतर पोरीची वाचाच बसली होती. उद्या तालुक्याच्या परीक्षकांपुढे गप्प राहिली, तर जिल्ह्याला दुसरी शाळा जाणार.

"मग होऊन जाऊ दे पेशी," मी म्हटलं. "कुसाबाई, तू न्यायाधीश."

कुसाबाई पदर खोचून पाटावर बसली. "बोल गं आरोपी!"

दीपमालाला हसू आवरेना. हसत हसतच सुटली. "पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो. त्याला फॉस्फेटचे तीन गट, शेपटीसारखे. पाण्याशी क्रिया होऊन शेवटचा गट सुटला, की ऊर्जा मोकळी होते. तिच्यावर आपण पळतो, रडतो, हसतो. उरतो तो एडीपी. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेनं त्याला तिसरा गट जोडला, की पुन्हा एटीपी तयार!"

"म्हंजे सुटलेलं परत जोडायचं?"

"सारखं!"

"मघाशी मी रडत पळाले, त्यात किती सुटले असतील?"

"आई, मोजता नाही येणार!"

"साक्षीदार कोण?" मी मधेच दरडावलं.

"तंतुकणिका, काकू! एटीपी बहुतेक तिथंच बनतो!" अडखळणं नाही, काही नाही. आवाज असा की शेजारच्या लताबाई खिडकीतून डोकावल्या, "कुणाचं भांडण गं?"

"सुटली पोरगी!" कुसाबाईनं निकाल दिला आणि मला मिठीच मारली. गजानना, तुझी कृपा. आम्ही तिघी इतक्या हसलो, की पोटात दुखायला लागलं.

मग दीपमालानं तक्ता उलगडला. कागद सारखा वाकत होता, मागे काहीतरी ताठ लावायला हवं होतं. कुसाबाई आता रविवार कारंज्यावरच्या बाजारात थर्माकोल आणायला गेली आहे.