शब्बीरनं सांभाळलेल्या खुणा

शब्बीरची नि माझी पहिली गाठ भांडणानं पडली. आष्टीकडच्या एका लग्नात मी नवरदेवाचा फेटा बांधून तुरा काढला, तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला हा माणूस पुढं आला. "काका, सोडा आन् पुन्यांदा बांधा. माझी बॅटरी उतरली हुती."

मी म्हणालो, "नवरदेवाचा फेटा अक्षता पडल्याबिगर सोडत नसतेत. बॅटरी उतरली तर तू बी उतर खाली."

मांडव हसला. तोही हसला. पण तेव्हापासून मी फेटा हातात घेतला की हा माझ्या खांद्यामागं उभा. "आता तुमाला इचारनार न्हाई, काका. तुमच्यासंगंच चालू करनार."

पाटोद्यात त्याचं शूटिंगचं दुकान. लग्नाच्या व्हिडिओत माझा फेटा डोळा लवेपर्यंत दिसायचा, बाकीचं कापलं जायचं. कापलेलं दुसरे लोक पुसून टाकतात, शब्बीर पुसत नसे. डिस्क भरली की नवी आणायचा आणि घरी बायकोची बोलणी खायचा. हे कशाला ठेवतोस म्हटलं तर म्हणायचा, "समदं लगीन कुनीच बघत न्हाई, काका. कुनाला कंचा तुकडा लागंल, अल्ला जाने."

तो तुकडा मलाच लागला. लकवा झाला आणि माझा उजवा हात गेला. माझा फेटा वरातीत घोडं उधळलं तरी ढळत नसे, ही बढाई नाही, पंचक्रोशीत विचारा. घरातून हे काम जाऊ नये म्हणून सून सुमन म्हणाली, "मामा, मला शिकवा." मी दुसरी शिकलेला माणूस, तोंडानं काय शिकवणार? ती मी सांगेन तसं बांधायची आणि फेटा कानावर यायचा. तिसरा वेढा घेताना अंगठा कुठंतरी आत जाऊन पीळ दाबायचा. कुठं, ते माझ्या हाताला ठाऊक होतं, मला नव्हतं.

शब्बीर भेटायला आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दुकानात या. तुमचा हात माझ्याकडं हाय."

मग मी रोज त्याच्याशेजारी बसू लागलो. पडद्यावर माझाच धडधाकट हात. मी "हितं" म्हणालो की तो एक बटण दाबी, आणि खालच्या पट्टीवर रंगीत खूण उमटे. तो तिला मार्कर म्हणे. प्रत्येक लग्नात वेढा कुठं वळला, पीळ कुठं बसला, अशा खुणा वाढत गेल्या. एका बैठकीत तो अंगठाही सापडला. दुसऱ्या दिवशी सुमनला दाखवायचं ठरलं.

ती माझ्याबरोबर आली, तर शब्बीर डोक्याला हात लावून बसलेला. त्यानं सकाळी साफसफाई काढली होती. व्हिडिओ नव्या डिस्कवर नेले, आम्ही खुणा केलेल्या कामातून जुने व्हिडिओ काढून टाकले आणि नव्या डिस्कवरचे तेच परत आत ओढले. "चित्र हाय, काका. खुना गेल्या."

"कंप्युटरला बी लकवा मारला का बे?" मी उठलो.

"बसा. घाई केली ती म्या केली, कंप्युटरनं न्हाई."

मग त्यानं समजावलं. खूण व्हिडिओत नसते, ती कामाच्या फाइलीत असते. आणि कंप्युटर त्या फाइलीच्या नकला अधूनमधून आपल्या आपण ठेवतो. त्यानं साफसफाईच्या आधीची एक नक्कल उघडली. खुणा होत्या, पण चित्राच्या जागी नुसता लाल पडदा. ती नक्कल व्हिडिओ जुन्याच जागी शोधत होती. शब्बीरनं ते नव्या डिस्कवर कुठं आहेत ते कंप्युटरला दाखवलं, तसे एकेक हात परत आले, खुणांसकट. पण ती नक्कल शेवटच्या बैठकीच्या आधीची होती. अंगठा तेवढा गेला.

त्यानं आधी ती फाइल नव्या नावानं सेव्ह केली, पेनड्राइव्हवर घातली, मगच पाणी प्याला. "चित्र सांभाळलं म्हंजी खुना सांभाळल्या, असं नसतंय, काका."

अंगठा पुन्हा शोधायला बसलो. मी "हितं" म्हणायचो, मग "न्हाई, फुडं". तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा मागून सुमन म्हणाली, "हितं. मामा, पीळ दाबताना तुमचा खांदा खाली येतोय. बघा."

शब्बीरनं माझ्याकडं पाहिलं. मी परत लावायला सांगितलं. खांदा खाली येत होता. जन्मभर बांधलं, पण स्वतःचा खांदा मी कधी पाहिलेला नव्हता. "दाब बटन," मी म्हणालो.

सुमननं तिथंच शब्बीरच्या डोक्यावर फेटा बांधला. त्यानं मान हलवली, वाकून बुटाची नाडी बांधली, तसाच मोटारसायकलवर बाजारातून चक्कर मारून आला. फेटा जागच्या जागी. तो तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बायको म्हनती, आता कुनाशी निकाह लावतोस?"

पुढं शब्बीरनं दुकान बीडला हलवलं. जाताना पेनड्राइव्ह सुमनच्या हातात ठेवला. तिला आता तेलगावपर्यंत बोलावणं येतं. मी खुर्चीवर बसून बघतो, चूक काढायला. पेनड्राइव्ह तिनं देव्हाऱ्यात ठेवलाय. तो उघडायची वेळ अजून आलेली नाही.