जोडीदाराचं बसकर

जेलात सगळ्यात आधी शिकावं लागतं ते उकिडवं बसायला. सकाळी टाळं उघडलं की जोडीजोडीनं बसवून मोजायचे आणि संध्याकाळी टाळं लावायच्या आधी परत तेच. आकडा जुळला नाही की पहिल्यापासून. मी द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात फिटर होतो, निम्मं आयुष्य गाडीखाली गेलेलं, त्यामुळे गुडघ्यांना त्याचं काही वाटलं नाही. राग मात्र यायचा. त्या रागापायीच आत आलो होतो. नळावरच्या भांडणात हातातला पाना शेजाऱ्याच्या डोक्यात घातला आणि तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. सात वर्षांची सजा लागली तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, नाशिकमधली. जेलात दिवस कसे काढलेस, असं अजून कुणी कुणी विचारतं. मी सांगतो, सतरंज्या विणून.

सतरंजीच्या मागावर दोघं शेजारी शेजारी बसतात. आपापल्या बाजूचा आडवा धागा भरायचा आणि लोखंडी पंजानं ठोकून बसवायचा. एक जोरात ठोकणारा आणि दुसरा हळू ठोकणारा असला की सतरंजी वाकडी होते आणि जमादार दोघांनाही शिव्या घालतो. माझा जोडीदार जन्मठेपेचा कैदी, गंगापूर रोडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. सुरुवातीला मी दात-ओठ खाऊन ठोकायचो. तो एवढंच म्हणायचा, "भाऊ, दोऱ्यानं तुझं काय केलंय?" आणि मी घट्ट केलेलं गुपचूप उसवून परत भरायचा. सहा महिन्यांनी आमचे हात जुळले. हात जुळले की डोकं गप्प बसायचं. घर आठवलं तरी पंजा थांबायचा नाही. त्या माणसामुळे मी तगलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आत कुणी कुणाला काय केलंस म्हणून विचारत नाही. त्यानं चौथ्या वर्षी आपणहून सांगितलं. शेताच्या वाटेवरून थोरल्या भावाशी जुंपली आणि त्यानं भावावर कोयता चालवला. त्याची आई गंगेवरच्या बाजारात भाजी विकायची. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. निकालाच्या दिवशी ती थोरल्याच्या विधवा बायकोशेजारी बसली, याच्याकडे न बघता निघून गेली आणि पुन्हा कधी आली नाही. मुलाखतीची, म्हणजे घरच्यांच्या भेटीची, नावं पुकारायला लागले की हा पंजा खाली ठेवायचा. शेवटचं नाव झालं की परत उचलायचा. मला ते बघवायचं नाही.

माझ्या सुटकेला दोन महिने राहिले तेव्हा त्यानं उरल्यासुरल्या सुताचं एक बसकर विणायला घेतलं. निळं, कडेला लाल पट्टी. आई दिवसभर फाटक्या गोणपाटावर बसते, तिच्यासाठी. जमादाराच्या मिनतवाऱ्या करून त्यानं ते बाहेर न्यायची परवानगीही मिळवली.

"आईला दे," तो म्हणाला. "तिनं घेतलं का नाय, तेवढं कळव. घेतलं तर ती एक ना एक दिवस येईल."

आता आमच्यात एक रीत होती. सुटणाऱ्यानं पंचा, चड्डी, साबणाचा तुकडासुद्धा आतच वाटून टाकायचा. जेलचा दोरा जरी बाहेर नेला तरी जेल माणसाला परत बोलावून घेतं, असं सगळे मानायचे. मी त्यांची टर उडवायचो. म्हणायचो, जेलला तुमची एवढी माया असती तर डाळ तरी धड शिजवली असती. मी असलं काही मानत नाही, म्हणूनच त्यानं ते काम मला सांगितलं.

माफीचे दिवस वजा होऊन साडेपाच वर्षांनी मी सुटलो. दारात आई, बायको आणि मुलगी उभ्या होत्या. मुलगी बायकोच्या पदराआड लपली. तिथून आईनं आम्हाला थेट गंगेवर नेलं. आंघोळ करायची, अंगावरचे कपडे पाण्यात सोडायचे आणि नवे घालून घरी जायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. मी कपडे सोडले. मग तिचं लक्ष काठावरच्या गुंडाळीकडे गेलं.

"ते काय रे?"

"बसकर. जोडीदारानं त्याच्या आईसाठी दिलंय. ती इथंच बाजारात बसते."

"सोड तेपण."

"आई, पन्नास पावलांवर आहे बाजार. देऊन येतो."

"तिथला धागा आपल्या वाटेला नको," आई म्हणाली आणि रडायला लागली. बायकोनं मुलीला आणखी मागं ओढलं.

मी घाबरलो, दुसरं काही नाही. पाच वर्षं ज्या गोष्टीला हसलो तिलाच भ्यालो. बाजारातल्या बायकांचा ओरडा मला पाण्यात उभ्या उभ्या ऐकू येत होता. मी बसकर सोडलं. ते लगेच बुडालं नाही. थोडा वेळ पसरून तरंगलं, मग प्रवाहाला लागलं.

चौथ्या दिवशी मी जोडीदाराला कार्ड टाकलं, त्याच्या आईनं बसकर घेतलं म्हणून. खरं लिहायला हात धजला नाही. पंधरा दिवसांत त्याचं उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आता आई नक्की येईल, तिला मुलाखतीचा वार समजावून सांग आणि ते गोणपाट टाकून दे म्हणावं. ते कार्ड खिशात घालून मी बाजारात गेलो आणि विचारत विचारत त्याच्या आईपर्यंत पोचलो.

"मावशी, मी तुमच्या धाकट्याबरोबर आत होतो."

मेथीच्या जुड्या लावणारे तिचे हात थांबले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कार्डातलं खोटंसुद्धा.

"केवढं व्हतं?" तिनं विचारलं. मी हातानं दाखवलं. "रंग?" तोही सांगितला.

"बसले नसते मी त्यावर," ती म्हणाली. "थोरल्याच्या रक्ताचे हात हायेत ते. पण घेतलं असतं. घरात ठेवलं असतं."

"मग जाऊन या ना मावशी. तुम्ही घेतलंय असंच त्याला वाटतंय. वाट बघतोय तो."

"तेच तर. गेल्या गेल्या इचारील, आई, बसतीस का त्याच्यावर? मग काय सांगू?"

"हो म्हणा."

ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी पोराचं तोंड बघायचं, ते काय खोटं बोलायला?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिनं मेथीची जुडी उचलून पाणी झटकलं आणि भाव सांगितला. मी थोडा वेळ थांबलो, पण तिनं पुन्हा वर बघितलं नाही.

त्यानंतर जोडीदाराची आणखी दोन कार्डं आली. दोन्हींत त्यानं एकच विचारलं होतं, आई आजारी आहे का. मी उत्तर लिहिलं नाही.