वहिनीच्या सीटमधला खड्डा

दादा सहलीहून परत आला तेव्हा गाडीची डिकी सामानाने खच्चून भरलेली होती आणि त्याच्या बाजूची सीट रिकामी होती. वहिनी पुढच्या गाडीतून आली, चादरीखाली. वाटेतल्या कुठल्याशा लॉजवर रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. डॉक्टर, कागदपत्रं सगळं उरकून दादा दिवसभर एकटा त्या गाडीच्या मागे मागे गाडी चालवत आला. जळली मेली ती सहल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते. लग्नबिग्न केलं नाही, त्यामुळे हक्काने भांडायला मला वहिनीच होती.

दादा गाड्यांच्या सीट बांधतो. फोम कापायचा, कव्हर शिवायचं, ताणून बसवायचं. गळ्यात कायम मोजटेप, म्हणून बाजारात त्याला सगळे टेपमास्तर म्हणतात. जुनी सीट समोर आली की तो तिच्यावरून नुसता हात फिरवतो आणि सांगतो, हा माणूस मागच्या खिशात पाकीट ठेवून बसतो, ही बाई मांडीवर मूल घेऊन बसते. आयुष्यभर लोकांच्या लांबच्या प्रवासाची सोय केली आणि स्वतः घर ते दुकान, दुकान ते घर. आणि स्वतःच्या गाडीची काय अवस्था? वहिनीच्या बाजूची सीट दबून दबून पार खाली गेलेली. वहिनी येता-जाता बोलायची, "लोकांच्या बुडाखाली गाद्या आणि माझ्या बुडाखाली खड्डा!" दादा म्हणायचा, करू गं, करू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी ती सहलीच्या हट्टालाच पेटली, म्हणून हे दोघं निघाले. मी म्हटलं, निदान सीट तरी करून घ्या. दादा म्हणाला, आल्यावर.

वहिनीला खरेदीची हौस भारी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वहिनीच्या हौसेला अक्कलही नसायची. जिथे गाडी थांबेल तिथे काहीतरी घ्यायचंच. आणि घेतलेलं कुणाला बघू द्यायचं नाही. ज्याची वस्तू त्याला ती स्वतःच्या हाताने देणार, मग समोर उभी राहून त्याचं तोंड बघणार. वाटेतून मला फोन केला, "तुझ्यासाठी एक घेतलंय. सांगणार नाही, जा." तेच आमचं शेवटचं बोलणं. त्या वस्तूंची पिशवी नंतर डिकीतच राहिली. देणारी गेली, आता उघडणार कोण?

दादाने दुकान उघडलं नाही. रोज सकाळी खाली उतरायचा आणि उभ्या गाडीत जाऊन बसायचा. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले आणि बाजूचं दार उघडलं.

"तिथे नको," तो म्हणाला. "मागे बस."

मला आधी रागच आला. मग पाहिलं तर त्याचा हात त्या दबलेल्या सीटवर होता.

"खिडकीकडे कलून बसायची," तो म्हणाला. "बघ, त्या बाजूला फोम जास्त बसलाय. लोक सहलीहून काहीबाही घेऊन येतात. मी एवढंच आणलंय."

मी मागे बसून गुपचूप रडले आणि चहा मीच पिऊन टाकला. त्यानंतर रोज मागेच बसायचे. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं, झोप नव्हती, पण त्या सीटवर हात टेकला की चेहरा जरा निवळायचा. त्याच्या जिवाला तेवढाच आधार होता.

एक दिवस मी त्याला ओढून नेलं, वहिनीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्याची सही लागणार होती. परत आलो तर दारात गाडी नाही! दादा पांढराफटक पडला. एवढ्यात हॉर्न वाजवत गाडी वळणावरून आली. चालवत होता मिस्त्री, दुकानातला दादाचा जुना जोडीदार. दुसरी किल्ली दुकानातच असायची.

"मास्तर, बघा तरी!" त्याने बाजूचं दार सताड उघडलं.

नवी सीट. नवा फोम, नवं कव्हर, भरगच्च, टणक. एक सुरकुती म्हणून नाही.

"वहिनी किती वर्षं म्हणत होत्या," मिस्त्री म्हणाला. "त्यांच्या डोळ्यांदेखत नाही झालं. म्हटलं, निदान आता तरी त्यांची इच्छा पुरी करू. काल दुपारपासून कापत बसलो होतो."

मी तोंड उघडणार तोच दादाने माझं मनगट घट्ट धरलं. मग वाकला, शिवणीवरून अंगठा फिरवला, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"टाका सरळ आलाय," तो म्हणाला. "छान झालंय. जुना फोम?"

"तो काय कामाचा राहिला होता, मास्तर! चुरा करून उशांत भरला. गिऱ्हाईक घेऊनही गेलं."

"बरं केलंस," दादा म्हणाला.

मिस्त्री डोळे पुसत, पण खुशीत गेला. तो कोपऱ्यावरून वळायची मी वाट पाहिली आणि सुटले. "याला कुणी सांगितल्या होत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला? मेला! विचारायचं तरी एका शब्दाने!"

"त्याला नको बोलूस," दादा म्हणाला. "त्याने चांगलं काम केलंय. मी करायचं होतं ते. ती होती तेव्हा."

मग पहिल्यांदाच तो डिकीकडे गेला. पिशवी काढली, आत न बघता चाचपडून एक पुडकं माझ्या हातावर ठेवलं. मी सोडलं. मान हलवणारं लाकडी बदक निघालं. रंग असा भडक की दुकानदारही लाजला असेल.

"हे घेताना म्हणाली होती, तुझी बहीण नाक मुरडेल, पण टाकून देणार नाही."

मी नाक मुरडलंच होतं. बदक तसंच हातात धरून मी सवयीने मागचं दार उघडायला गेले.

"मागे कशाला?" दादा म्हणाला आणि त्याने पुढचं दार उघडून धरलं. "इथे बस. आता इथे कुणीही बसलं तरी चालतंय."