काळी पेस्ट आणि थंड सरबत

कोळशाच्या टूथपेस्टचा वास आला की बोरी अरब या आमच्या गावातली ती दुपार आठवते. ताईला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून दात पांढरे करायला तिने महिनाभर ती काळी पेस्ट जोरजोरात घासली होती. दात पांढरे झालेच नाहीत, उलट पाहुण्यांसमोर थंड सरबताचा घोट घेताच ती कळवळली. "काहून वो बाई, काय झालं?" मुलाच्या आईनं विचारलं. आमच्या आईचा चेहरा उतरला, पण ताईनं खरं सांगून टाकलं. तसा मुलगा ग्लास खाली ठेवत म्हणाला, "मलेबी कळ येते. मीबी तेच घासून राह्यलो!" घरभर हसू उसळलं. पुढे दारव्ह्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बजावलं, "यानं दात उजळत नाहीत, झिजतात. बंद करा." ताई-भाऊजींच्या लग्नाचा फोटो आज पुन्हा पाहिला, दात पिवळसरच आहेत, पण दोघं तोंडभर हसताहेत.